विश्लेषण : स्वस्त मदरबोर्ड घेणे शहाणपणाचे आहे का?

रॅमचे भाव चढल्यापासून नवा संगणक जुळवून घेणाऱ्यांचे अंदाजपत्रक कोलमडले आहे. प्रोसेसर कमी करवत नाही, रॅम कमी करून चालत नाही. मग कात्री लागते ती मदरबोर्डला. ती कुठवर चालवावी?

मदरबोर्डवरच कात्री का?

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशिअल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले. कृत्रिम प्रज्ञेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीला मागणी आणि नफा दोन्ही अधिक. त्यापुढे घरगुती संगणकाची रॅम मागे पडली आणि महागली. मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढलेल्या माणसाला हा फरक कुठून तरी भरून काढावाच लागतो.

मदरबोर्ड त्यासाठी सोयीचा ठरतो, कारण तो दिसत नाही. जाहिरातीत ‘आय५’ असते, १६ जीबी रॅम असते, ५१२ जीबीची एसएसडी असते. बोर्डाचा उल्लेख कोटेशनच्या चौथ्या ओळीत, तोही कधी कधी नुसता ‘कम्पॅटिबल मदरबोर्ड’ असा. हा शब्द दिसला की थांबावे. कारण ‘बजेट बोर्ड’ या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, चालू किंवा अलीकडच्या पिढीचा, पण सुविधा कमी केलेला बोर्ड. दुसरा, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पिढीचा, पण नव्या खोक्यातला. पहिला बहुतेक घरांना पुरेसा आहे आणि तो घेण्यात कमीपणा काहीच नाही. दुसरा नव्या संगणकासाठी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

सुविधा कमी म्हणजे नेमके काय कमी?

इंटेलचा एच६१० हा चिपसेट घ्या. तो जानेवारी २०२२ मध्ये आला आणि त्यावर बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे कोअर प्रोसेसर चालतात. असा बोर्ड साधारण सहा ते आठ हजार रुपयांत मिळतो, तर बी७६० चिपसेटच्या बऱ्या बोर्डाला दहा हजारांच्या पुढे मोजावे लागतात.

या फरकात जाते ते असे : रॅमच्या चारऐवजी दोनच खाचा मिळतात. रॅमचा वेग वाढवण्याची मुभा नसते, त्यामुळे ३६०० वेगाची डीडीआर४ पट्टी लावली तरी ती ३२०० नेच चालते; जास्तीचे पैसे देऊन वेगवान पट्टी घेण्यात अर्थ नाही. थेट प्रोसेसरला जोडलेली एसएसडीची जागा नसते. एसएसडी चिपसेटमार्फत, पीसीआयई ३.० च्या वेगाने चालते. म्हणजे सेकंदाला सात हजार एमबीचा दावा करणारी महागडी एसएसडी इथे साधारण साडेतीन हजारांवर अडते.

हे वाचून काळजी वाटली तर एक लक्षात घ्यावे. टॅली, एक्सेल, ऑनलाइन वर्ग, डीटीपी, कोडिंगचा अभ्यास यांत हा फरक हाताला जाणवत नाही. तोच आय३ किंवा आय५ महाग बोर्डावर लावला म्हणून फाइल लवकर उघडत नाही. फरक पडतो तो रोज मोठमोठ्या चित्रफिती इकडून तिकडे हलवणाऱ्याला. उलट एक गंमत अशी, की महाग बोर्डांवरून हद्दपार झालेली व्हीजीए जोडणी स्वस्त बोर्डांवर अजून सापडते. घरातला दहा वर्षांचा मॉनिटर त्यावर निमूट चालतो.

दोन खाचांचा मात्र आधी विचार करावा. आठ-आठच्या दोन पट्ट्या लावल्या तर प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकाला चांगला वेग मिळतो, पण खाचा भरतात. पुढे वाढवायचे तर जुनी पट्टी काढावी लागते, आणि रॅमच्या सध्याच्या भावात ते झोंबते. दोन-तीन वर्षांत ३२ जीबी लागेल असे वाटत असेल, तर १६ ची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवणे बरे. सुरुवातीला वेग थोडा कमी मिळेल, चालेल.

याच भावपट्ट्यात आणखी एक फसगत हमखास होते. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत शेवटचे अक्षर किमतीत थोडा फरक करते म्हणून ‘एफ’ घेतला जातो. त्यात ग्राफिक्स नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर बोर्डावरच्या एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही जोडण्या शोभेच्या ठरतात आणि पडदा काळाच राहतो.

बोर्ड तापतो म्हणजे काय होते?

स्वस्त बोर्डाची खरी मर्यादा खाचांमध्ये नाही, ती प्रोसेसरच्या शेजारी आहे. एसएमपीएसमधून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात साधारण एक ते सव्वा व्होल्ट. दाब उतरवून देण्याचे हे काम करणाऱ्या भागाला व्हीआरएम म्हणतात. व्होल्ट कमी तितका प्रवाह जास्त, हे शाळेतले गणित इथे लागू होते. सव्वा व्होल्टला १०० वॅट द्यायचे तर ८० अँपिअर वाहावे लागतात. घरात गीझरसाठी बसवतो तो मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो, यावरून कल्पना यावी.

हा प्रवाह मॉस्फेट, चोक आणि कपॅसिटर यांच्या काही जोड्यांत वाटून दिला जातो. त्यांना फेज म्हणतात. ओझे जितक्या खांद्यांवर वाटले जाईल तितका प्रत्येक खांदा कमी दुखतो. स्वस्त बोर्डात खांदे कमी असतात आणि त्यांच्यावर उष्णता शोषणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा अनेकदा नसतोच.

आता गंमत वॅटच्या आकड्याची. आय५-१२४०० आणि आय७-१२७०० या दोन्हींची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट. दोन्ही एच६१० वर बसतात, दोन्ही सुरू होतात. पण जोर लावताना पहिला ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि दुसरा १८० पर्यंत. पहिल्याला साधा बोर्ड पेलतो. दुसऱ्याला कमकुवत बोर्डावर बसवले, की मॉस्फेट तापतात आणि स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा प्रोसेसरचा वेग खाली आणते. संगणक बंद पडत नाही, धूर येत नाही. आय७ चे पैसे मोजलेले असतात आणि तासाभराच्या कामानंतर वेग आय५ सारखा मिळत असतो. ग्राहकाला हे कळतही नाही, म्हणून तक्रारही होत नाही.

एएमडीच्या ए६२० चिपसेटचेही असेच आहे. २०२३ च्या वसंतात आलेले हे बोर्ड मुख्यतः ६५ वॅटचे प्रोसेसर डोळ्यांसमोर ठेवून बनलेले आहेत. त्याहून मोठा प्रोसेसर पेलायचा की नाही, हे त्या त्या बोर्डावर अवलंबून. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना, बंद कपाटासारख्या टेबलात ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. तिथे बोर्डापेक्षा शंभर-दोनशेचा मागचा पंखा जास्त उपयोगी पडतो.

महाग बोर्ड म्हणजे टिकाऊ, असाही नियम नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला सदोष रसायनामुळे कपॅसिटर फुगून फुटण्याची जणू साथ आली होती. तेव्हा नामांकित कंपन्यांचे बोर्डही त्यातून सुटले नव्हते. घरगुती बोर्डांचा घात बोर्डापेक्षा निकृष्ट एसएमपीएस, नसलेले अर्थिंग आणि वरखाली होणारी वीज यांनीच जास्त होतो, असे आमचे मत आहे. बी७६० ऐवजी एच६१० घेऊन वाचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये घालणे हा उत्तम सौदा आहे.

‘नवा कोरा आय७’ इतका स्वस्त कसा?

ऑनलाइन दुकानांत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘आय७, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ असे संगणक थक्क करणाऱ्या किमतीत दिसतात. आय७ कितव्या पिढीचा, हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. आत बहुधा आय७-२६०० किंवा आय७-३७७० असतो, म्हणजे २०११-१२ चा. तो जुन्या कार्यालयीन यंत्रांतून निघालेला असतो. त्याच्याखाली असतो एच६१ चिपसेटचा, दोन-अडीच हजारांचा, नव्या खोक्यातला बोर्ड. हा चिपसेटही २०११ चाच. इंटेलने ही पिढी कधीच मागे टाकली आहे. त्यामुळे ‘नव्या’ बोर्डावरची चिप कुठून आली, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो.

२०१२ चा आय७-३७७० आणि २०२२ चा आय३-१२१००, दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. वेगात मात्र आय३ त्याला सहज मागे टाकतो. सातचा आकडा तीनपेक्षा मोठा, एवढ्यावरच हा व्यवहार चालतो.

वेगाचे एक वेळ सोडून देऊ. प्रश्न सुरक्षेचा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या अटींनुसार इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. एच६१ च्या जोडीत दोन्ही अटी पूर्ण होत नाहीत. दुकानदार अटी बगल देऊन विंडोज ११ चढवून देतो आणि ते चालतेही. पण अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. घरी गाणी ऐकायला असेल तर ठीक. पण ज्या केंद्रात गावभरच्या लोकांची आधार कार्डे, सातबारे आणि बँकेची पासबुके स्कॅन होतात, तिथल्या टेबलावर असे यंत्र असणे हा नुसता मालकाचा तोटा राहत नाही. त्या स्कॅनपैकी एकही कागद त्याचा स्वतःचा नसतो.

एवढ्यावरून एच६१ बोर्ड निरुपयोगी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. शाळेच्या संगणक कक्षात तिसऱ्या पिढीचे आय३ आणि डीडीआर३ रॅम शाबूत आहेत, बोर्ड तेवढा गेला आहे. अशा वेळी अडीच हजारांत यंत्र पुन्हा उभे राहते. त्यावर लिनक्स टाकले तर मुलांना टंकलेखन आणि प्रोग्रामिंग शिकायला ते पुरते. दुरुस्तीचा भाग म्हणून तो चांगला आहे. नवा संगणक म्हणून विकला जातो तेव्हा तो वाईट.

पुढे प्रोसेसर बदलता येईल का?

स्वस्त बोर्डाच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा एएमडीच्या ए३२० चिपसेटचा आहे. २०१७ चा हा एएम४ कुटुंबातला तळाचा चिपसेट. पुढे नवे रायझेन ५००० प्रोसेसर आले तेव्हा जुन्या बोर्डांना ते चालणार नाहीत असे कंपनीचे म्हणणे होते. अनेक जुन्या बोर्डांवरची १६ एमबीची बायोस चिप सगळ्या प्रोसेसरांची माहिती साठवायला अपुरी, हे त्यामागचे एक कारण. ग्राहकांनी ओरड केली. २०२० मध्ये मधल्या पिढीच्या बोर्डांना, आणि २०२२ मध्ये ए३२० सकट सर्वांत जुन्या बोर्डांना ही दारे उघडली गेली. पाच वर्षांपूर्वीच्या सर्वांत स्वस्त बोर्डावर रायझेन ५ ५६०० बसवता आला.

पण सर्वांना नाही. एएमडीने वाट मोकळी केली तरी बायोसची फाइल प्रत्येक बोर्डाच्या कंपनीने स्वतः काढायची होती. ज्यांनी काढली त्यांचे ग्राहक तरले. म्हणूनच बोर्ड घेण्याआधी दुकानातच मोबाइलवर त्या मॉडेलचे सपोर्ट पान उघडून शेवटचे बायोस अपडेट कधीचे आहे ते पाहावे. पानच सापडले नाही, तर तो बोर्ड घेऊ नये, इतके साधे आहे.

एच६१० च्या सॉकेटचा प्रवास चौदाव्या पिढीवर संपला आहे. आज आय३ घेणाऱ्याला उद्या वापरलेला आय५ बसवता येईल, त्यापुढे नाही. एएम५ ला २०२७ पर्यंत तरी साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. मात्र त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. घरात डीडीआर४ च्या पट्ट्या असतील तर सध्या तरी एच६१० किंवा एएमडीचा ए५२० यांचेच पारडे जड आहे.

दुकानात काय पाहावे?

प्रमुख कंपन्या बोर्डावर साधारण तीन वर्षांची वॉरंटी देतात. जीएसटीच्या बिलावर पूर्ण मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. आणि इंटेलच्या बोर्डात प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधल्या बारीक पिना बोर्डावरच असतात. त्यातली एक जरी वाकली, तरी वॉरंटी नाकारली जाते आणि ती कुणाच्या हातून वाकली यावर वाद होतो. प्रोसेसर बसवण्याआधी, खोके काउंटरवर उघडल्या उघडल्या, त्या सॉकेटचा जवळून एक फोटो काढून ठेवावा.