गच्चीवरच्या उन्हाला पाटकरी हवा

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना जाहीर केली आणि गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापराच्या सौर विजेसाठी ५०० किलोवॉटपर्यंत, दर किलोवॉटमागे १८ हजार रुपयांचे साहाय्य देऊ केले. तेव्हापासून सोसायट्यांत एक प्रश्न वारंवार निघतो: बिल्डरने बसवून दिलेला, आता नावापुरता उरलेला सोलर हीटर भंगारात काढून त्या जागी विजेचे पॅनेल का लावू नयेत? प्रश्न रास्त आहे, पण तो वाटतो तितका नवा नाही. उन्हाने पाणी तापवण्याची विद्या गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत अनेकदा बहरली आणि जवळपास तितक्याच वेळा मोडीत निघाली. दर वेळी ऊन तेवढेच होते. बदलले ते इंधनाचे भाव आणि यंत्राची निगा राखणारे हात.

या विद्येचे मूळ १७६७ पर्यंत मागे जाते. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने काचेची झाकणे लावलेल्या, आतून काळ्या केलेल्या पेटीत ऊन कोंडले आणि आतले तापमान पाणी उकळण्याच्या अंशापलीकडे नेऊन दाखवले. आजच्या प्रत्येक गच्चीवरील सपाट संग्राहक हा त्या पेटीचाच वंशज. पण आपल्याकडे पाणी तापवण्याची मक्तेदारी दीर्घकाळ तांब्याच्या बंबाकडे राहिली. मधल्या नळीत लाकडे, गोवऱ्या किंवा शेंगांची टरफले, तळाशी राख आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी चिंच लावून लख्ख घासलेले अंग असा तो बंब धूर ओकत असे, इंधन खात असे. पण त्याची राख कोणी काढायची, हे घरात ठरलेले असे. पुढील साऱ्या कहाणीत हा साधा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण यंत्रे सुधारत गेली आणि राख काढणारा मात्र हरवत गेला.

१८७८ हे वर्ष या इतिहासात विलक्षण आहे. त्या वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑग्युस्त मूशो याने सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवून चक्क बर्फ तयार करून दाखवला, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचा उपनिबंधक विल्यम अ‍ॅडम्स याने उष्ण देशांत इंधनाला पर्याय म्हणून सौर उष्णता कशी वापरता येईल, यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अ‍ॅडम्सचे काम कागदावरचे नव्हते. मुंबईतल्या जानेवारीच्या उन्हात त्याच्या सौर चुलीवर सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजत असे, आणि सपाट आरशांची रांग अर्धवर्तुळात मांडून त्याने बाष्पित्र तापवले व अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवले. लाकूडफाट्याची टंचाई आणि कोळशाचा भाव या त्याच्या प्रेरणा होत्या. परंतु फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त होताच सरकारचा मूशोतील रस आटला, आणि मुंबईत अ‍ॅडम्सच्या प्रयोगाची स्मृतीही उरली नाही. सौर उष्णतेच्या इतिहासाचे पहिले सूत्र इथेच दिसते: टंचाईत जन्म, सुबत्तेत विस्मृती.

हेच सूत्र अमेरिकेत अधिक ठळकपणे गिरवले गेले. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने ‘क्लायमॅक्स’ नावाच्या सौर हीटरचे पेटंट घेतले. जिथे कोळसा दुरून येई आणि ऊन दारातच होते, त्या कॅलिफोर्नियातील पॅसाडिना गावात १८९७ पर्यंत सुमारे एकतृतीयांश घरांवर असे हीटर चढले होते. त्यातले पाणी रात्री निवून जाई. १९०९ मध्ये विल्यम बेलीने संग्राहक आणि टाकी वेगळी करून, टाकीला उष्णतारोधक वेष्टण घालून ही उणीव दूर केली आणि आपल्या उत्पादनाला ‘डे अँड नाइट’ असे सार्थ नाव दिले. आज पुण्या-नाशिकच्या गच्चीवर दिसणारी मांडणी मुळात बेलीचीच. मात्र १९२०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायूचे मोठे साठे हाती आले, वायूचे दर कोसळले आणि बेलीच्याच कंपनीने गॅस हीटर बनवण्याकडे मोर्चा वळवला. आपल्या शोधाला त्याने नाकारले नव्हते. बाजाराने त्याला दुसरा धंदा दाखवला, इतकेच.

फ्लोरिडातील मायामीने या कहाणीत सामूहिक निवासाचे प्रकरण जोडले, म्हणून ते आज आपल्या अधिक कामाचे. वीज महाग असलेल्या या शहरात दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर निम्म्याहून अधिक लोक उन्हाने तापलेले पाणी वापरत होते, आणि घरांबरोबरच अपार्टमेंट, हॉटेले व ‘एडिसन कोर्ट्स’सारख्या सरकारी वसाहतीही सौर हीटरवर विसंबू लागल्या होत्या. युद्ध आले, तांब्याच्या नागरी वापरावर बंधने आली आणि उत्पादन थांबले. युद्धानंतर तांबे महागले, वीज स्वस्त झाली, वीज कंपनीने विजेच्या हीटरचा प्रसार केला. आणि त्याच सुमारास, तांब्याच्या नळ्या पोलादी टाक्यांना जोडल्यामुळे गंजत आलेल्या जुन्या टाक्या फुटू लागल्या. दुरुस्ती परवडेना. स्वस्त वीज नसती तर गंजलेल्या टाक्या बदलल्या गेल्या असत्या, आणि टाक्या शाबूत असत्या तर स्वस्त विजेचा मोह तितका झाला नसता. या दोन दुर्बळता एकत्र आल्या की यंत्रणा मरते, हा मायामीचा धडा पुढच्या पिढ्यांनी वाचलाच नाही.

अपवाद इस्रायलचा, आणि तो बारकाईने पाहण्याजोगा. १९५०च्या दशकाच्या आरंभी तिथे इंधनटंचाई इतकी तीव्र होती की रात्री पाणी तापवण्यावर सरकारने बंदी घातली होती. लेवी यिस्सार याने सौर हीटरचे उत्पादन सुरू केले; हॅरी टेबोर याने उष्णता शोषून धरणारा, फारशी बाहेर न टाकणारा काळा पृष्ठभाग विकसित केला. १९६७ नंतर सिनाईचे तेल हाती आल्यावर तिथेही मागणी मंदावली, पण १९७३च्या तेलसंकटाने डोळे उघडले आणि १९८० मध्ये कायद्याने नव्या घरांना सौर हीटर सक्तीचे झाले. फार उंच इमारतींना मात्र सूट राहिली. ही सक्ती टिकली याचे एक कारण कायद्याच्या कलमांत नव्हे, गच्चीवर दिसते. तिथल्या मध्यम उंचीच्या इमारतींवर बहुधा प्रत्येक फ्लॅटचा संग्राहक वेगळा, टाकी वेगळी, नळ वेगळा असतो. पाणी तापले नाही तर कोणाचे तापले नाही आणि प्लंबर कोणी बोलवायचा, याविषयी वादच उरत नाही. बंबाची राख काढणारा तिथे शिल्लक राहिला.

भारताने यातली सक्ती उचलली, मालकीची रचना उचलली नाही. तेलसंकटांच्या झळीतून १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग जन्मला. पुढे आदर्श उपविधी आले, अनेक शहरांच्या बांधकाम नियमांत हॉटेले, रुग्णालये, वसतिगृहे व मोठ्या गृहसंकुलांना सौर उष्णजल यंत्रणा बंधनकारक झाली. २०१०च्या राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत २ कोटी चौरस मीटर सौर संग्राहकांचे लक्ष्य ठेवले. जिथे उष्णतेचा ग्राहक एक आणि जबाबदारी स्पष्ट, तिथे महाराष्ट्राने धाडसी प्रयोगही केले: लातूरच्या दुग्धशाळेत दूध पाश्चरीकरणासाठी आयआयटी मुंबईच्या संशोधनातून साकारलेला ‘अरुण’ हा महाकाय परावर्तक, शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये वाफेवरच्या स्वयंपाकासाठी उभारलेल्या ७३ तबकड्या. परंतु अभियानाने मोजले ते चौरस मीटर. त्यातून किती लिटर पाणी किती अंशांनी तापले, हे कोणी मोजले नाही. २०१४ मध्ये हीटरवरील केंद्रीय अनुदान थांबले आणि धोरणाचे सारे लक्ष विजेच्या पॅनेलकडे वळले.

या मोजमापाचा परिणाम कोणत्याही पंधरा वर्षे जुन्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन पाहावा. काचनळ्यांवर धुळीचा थर, दोन-चार नळ्या फुटलेल्या, सांध्यांभोवती बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याने धरलेले पांढरे क्षार, पाइपावरचे वेष्टण फाटून लोंबणारे. टाकीत पाणी तापतेही, पण ते खाली पोचत नाही: डक्टमधून उतरणाऱ्या उभ्या पाइपात रात्रभर निवलेले पाणी आधी बाहेर काढल्याशिवाय गरम पाणी येत नाही, कारण ते सतत फिरते ठेवणारी परतीची वाहिनी आणि पंप बिल्डरने खर्च वाचवण्यासाठी गाळलेले असतात. पहिल्या मजल्यावरचा रहिवासी बादलीभर थंड पाणी वाया घालवतो, कंटाळून गिझर लावतो आणि मग सोलरच्या दुरुस्तीची वर्गणी द्यायला नकार देतो. पुणे महापालिका अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात सवलत देते. पण यंत्रणा गच्चीवर असणे आणि ती चालणे यांतले अंतर कराच्या पावतीवर दिसत नाही.

मग पॅनेल लावणे शहाणपणाचे नाही काय? हिशेब प्रामाणिकपणे मांडू. ४० फ्लॅटना प्रत्येकी १२५ लिटर, म्हणजे ५ हजार लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला रोज सुमारे २३० युनिट उष्णता लागते. सौर संग्राहकांना त्यासाठी शंभरेक चौरस मीटर पुरतात. साध्या गिझरला तेवढी वीज पुरवायला ५५ किलोवॉटच्या आसपासचे, म्हणजे अडीचशे चौरस मीटरहून अधिक पॅनेल लागतील. गिझरऐवजी हीट पंप वापरला तर विजेची गरज साधारण एकतृतीयांशावर येते आणि दोन्ही पर्याय जागेच्या बाबतीत तुल्यबळ होतात. वीस-बावीस मजली टॉवरची गच्ची दोन्हींना अपुरी पडते. तेव्हा वाद तंत्रज्ञानाच्या श्रेष्ठत्वाचा उरत नाही. सामायिक ऊर्जेचा कारभार कोण पाहणार, हा खरा वाद आहे.

त्याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. धुळे परिसरात पांझरा नदीच्या काठी तीनशेहून अधिक वर्षे सामूहिक सिंचनाची फड पद्धत चालली. नदीवरचा बंधारा सर्वांचा, एका फडात एकच पीक, आणि पाण्याची पाळी सांभाळायला लाभधारकांनीच नेमलेले पाटकरी, जागले, हवालदार. त्यांचा मोबदला पिकातल्या वाट्यातून. बंधारा बांधणाऱ्याचे नाव विस्मृतीत गेले तरी पाटकऱ्याचे काम थांबले नाही, म्हणून व्यवस्था शतके टिकली. आपण गच्चीवर बंधारा बांधला आणि पाटकरी नेमायचे विसरलो.

त्याची नेमणूक आजच्या भाषेत अवघड नाही. उष्णतामापक बसवून मोजलेल्या उष्णतेवर करसवलत द्यावी, नुसत्या नळ्यांवर नव्हे. परतीची वाहिनी व वेष्टण नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. देखभालीचा वार्षिक करार आणि त्याचा निधी सोसायटीच्या ताळेबंदात लिफ्टच्या कराराप्रमाणे वेगळा दिसावा. हे जो करील, त्याने पुढे हीटर ठेवावा की हीट पंप आणावा, हा तपशील आहे. जो करणार नाही, त्याने हीटर काढून पॅनेल लावले तरी धूळ तीच, कमिटी तीच आणि वर्गणीचा वादही तोच राहणार आहे. पॅनेलचे आयुष्य २५ वर्षांचे मानतात. हीटरच्या बाबतीत जे शिकायचे टाळले, त्याची किंमत त्या २५ वर्षांच्या हिशेबात वसूल होईल.