गेमचा गुन्हा नव्हता

आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. इथं काही बिघडलं तर आवाज करून बिघडतं. घरातला संगणक मात्र मुकाट्यानं मान टाकायचा. इनपेजमध्ये उर्दूची प्रश्नपत्रिका टाइप करत बसावं आणि पडदा एकदम काळा. ना सूचना, ना निळा पडदा. थोड्या वेळानं आपोआप पुन्हा सुरू.

पहिला संशय धाकट्यावर गेला. त्यानं मोटारींचा एक गेम टाकला होता. "अब्बा, मी काही केलं नाही," असं तो म्हणत राहिला. आम्ही ऐकलं नाही. गेम काढला, संगणकाला हात लावायची मनाई केली. बंद पडणं चालूच. एका दुकानात नेला, तर न उघडताच उत्तर मिळालं: "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या."

नवीन घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून स्वतःच शोधायचं ठरवलं. आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवल्या. हे काम दुरुस्तीच्याही आधीचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली. नावावरून वीजच दोषी वाटते, पण तिचा अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद न होता बंद झाला. कारण ती सांगत नाही.

मग प्लग काढून कॅबिनेट उघडलं. पंख्यात धुळीचा थर होता, तो ब्रशनं झाडला. रॅमच्या दोन्ही पट्ट्यांची सोनेरी टोकं खोडरबरनं पुसली. दोन दिवस सुरळीत गेले आणि आम्ही घरात विजय जाहीर केला! तिसऱ्या दिवशी पुन्हा काळोख. चार-पाच दिवसांतून एकदा होणारा बिघाड दोन दिवस झाला नाही, याला काय अर्थ? शिवाय धूळ आणि रॅम एकाच दिवशी हाताळली होती. गुण आला असता तरी कशानं, ते कळलं नसतं. विद्यार्थ्यानं असा प्रयोग केला असता तर आम्ही गुण कापले असते.

त्यानंतर एका वेळी एकच बदल, आणि वहीत तारीख. विंडोजची मेमरी तपासणी रात्रभर चालवली, दोष निघाला नाही. एकेक पट्टी ठेवून पाहिली. संगणक दोन्हींवर बंद पडला. दोन्ही एकदम खराब असण्याचा संभव कमी, म्हणून रॅम बाजूला ठेवली. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो. आमचा ५५ च्या पुढे जात नव्हता.

उरला एसएमपीएस, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर उतरवणारा डबा. मेहुण्याकडून दुसरा आणून जोडला. तीन आठवडे एकदाही काळोख नाही. खात्रीसाठी जुना परत लावला. चौथ्या दिवशी पडदा गेला.

हा डबा घरी कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत धोकादायक वीज साठलेली असू शकते. कारागिरानं उघडला, तर कपॅसिटरांची डोकी फुगलेली. उष्णतेनं त्यांतला द्रव वाळत जातो आणि पुरवठा डळमळू लागतो. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट द्रवाच्या कपॅसिटरांमुळे जगभरात कितीतरी मदरबोर्डही असेच निकामी झाले होते. आमचा मदरबोर्ड मात्र धडधाकट होता.

नवीन एसएमपीएस बसवला आणि धाकट्याला जवळ बोलावलं. "बेटा, चूक आमची होती."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अब्बा, गेम परत टाकू?"

टाकला.