शेकाट्या आला म्हणून नदी बरी झाली?

परवा सकाळी फिरायला गेलो, तर उल्हासनगरच्या पुलावर आमच्या गटातले एक गृहस्थ मोबाईलवर फोटो काढत उभे. "सर, बघा, पक्षी आलेत! म्हणजे पाणी सुधारलं की हो!"

खाली वालधुनीच्या काळ्या पाण्यात लांब गुलाबी पायांचे पंधरा-वीस शेकाटे चरत होते. दिसायला छानच. पण मंडळी, माझा आक्षेप आहे तो त्या 'म्हणजे'वर.

शेकाट्याचं मासळीवाचून अडत नाही. सांडपाण्याच्या गाळात बारीक लाल अळ्या होतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू जेमतेम उरलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. शेकाट्याला इथे मेजवानी मिळते ती त्यांची. हे सुधारल्याचं सर्टिफिकेट कसं होईल?

छोट्या निळ्या खंड्याचं तसं नाही. त्याला मासा लागतो, आणि मासा दिसायला नितळ पाणी लागतं. बदलापूरला उल्हासच्या काठी तो मला अजून भेटतो. या पुलावरून मात्र एकदाही नाही. पक्षी मोजायचेच, तर न येणारे आधी मोजा!

"अहो सर, नाल्यात खंड्या कसा येणार?" गृहस्थ म्हणाले.

खरं दुखणं इथेच आहे. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. ते याच वालधुनीच्या काठी आहे. नाल्याकाठी असं देऊळ कोणी बांधेल का? नदीचा नाला आपण केला, आणि एकदा नाला म्हटलं की त्यात काहीही ओतताना हात अडखळत नाही. २०१४ साली इथेच रसायन ओतलं गेलं आणि शेकडो माणसांना त्या वायूचा त्रास झाला. आपण चार दिवस बोललो. मग गप्प.

दोष माझाही आहे. शाळेत असताना एका मुलाने निबंधात 'आमच्या घरामागची नदी' असं लिहिलं होतं. मी लाल शाईने 'नदी' खोडून 'नाला' केलं, वर अर्धा गुणही कापला. शुद्धलेखन त्याचं बरोबर होतं, चूक माझी होती.

असो. तो अर्धा गुण आता देता येत नाही. निदान नाव तरी नीट घेऊ या. वालधुनी नदी. आणि कल्याण-बदलापूरच्या मंडळींनो, तुमच्या पुलावरून कोणता पक्षी दिसेनासा झालाय, ते मला जरूर कळवा.