मिशिगनच्या तेरा जागा आणि मतदारसंघांच्या नकाशाचे राजकारण

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांसाठी ३ नोव्हेंबर २०२६ हा मतदानाचा दिवस आहे. २०२४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला २२० आणि डेमोक्रॅटिक पक्षाला २१५ जागा मिळाल्या होत्या. म्हणजे अवघ्या तीन जागांनी पक्ष बदलला, तरी सभागृहातील बहुमत पालटू शकते. त्यामुळे १३ जागांच्या मिशिगन राज्याला त्याच्या आकारापेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

मिशिगनचा मतदार दोन्ही पक्षांत जवळपास समसमान विभागलेला आहे. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी हे राज्य सुमारे ८० हजार मतांनी जिंकले. त्याच दिवशी सिनेटची जागा मात्र डेमोक्रॅटिक पक्षाच्या एलिसा स्लॉटकिन यांनी सुमारे १९ हजार मतांनी राखली. हा समतोल जागांच्या संख्येत पूर्वी दिसत नव्हता. २०११ मध्ये रिपब्लिकन वर्चस्वाखालील विधिमंडळाने मतदारसंघांच्या सीमा आखल्या. पुढच्याच वर्षी राज्यभरात डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मते अधिक मिळूनही १४ पैकी ९ जागा रिपब्लिकन पक्षाच्या पदरात पडल्या.

या विसंगतीवर मतदारांनीच उपाय शोधला. २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी राज्यघटनेतील दुरुस्ती मंजूर करून सीमा आखण्याचा अधिकार विधिमंडळाकडून काढून घेतला आणि तो १३ नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे सोपवला. आयोगात दोन्ही पक्षांचे प्रत्येकी चार आणि कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेले पाच सदस्य असतात. त्यांची निवड अर्जदारांमधून सोडत पद्धतीने होते. २०२० च्या जनगणनेनंतर राज्याची एक जागा कमी झाली आणि आयोगाने १३ मतदारसंघांचा नवा नकाशा तयार केला.

त्याचा परिणाम लगेच दिसला. २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला सात आणि रिपब्लिकन पक्षाला सहा जागा मिळाल्या; २०२४ मध्ये हेच आकडे उलटे झाले. नकाशा तोच राहिला, कौल बदलला. स्लॉटकिन यांनी सोडलेला लॅन्सिंग परिसरातील सातवा मतदारसंघ रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी जिंकला. आठव्या मतदारसंघात ट्रम्प यांना आघाडी मिळूनही डेमोक्रॅटिक क्रिस्टन मॅकडोनाल्ड रिवेट विजयी झाल्या. दहावा मतदारसंघ जॉन जेम्स यांनी २०२२ मध्ये जेमतेम १,६०० मतांनी मिळवला होता. आता ते गव्हर्नरपदाच्या शर्यतीत उतरल्याने तेथेही चुरस आहे.

तथापि, निःपक्ष प्रक्रियेलाही किंमत मोजावी लागते. नव्या नकाशात डेट्रॉइट परिसरात कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेला मतदारसंघ उरला नाही. २०२२ मध्ये तेराव्या मतदारसंघातील डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत मते अनेक उमेदवारांत विभागली गेली आणि सुमारे २८ टक्के मते मिळवून बेळगावात वाढलेले मराठी भाषिक उद्योजक श्री ठाणेदार पुढे आले. मराठी वाचकांना त्यांचा विजय अभिमानास्पद वाटला. परंतु डेट्रॉइटला सुमारे सात दशकांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, ही त्याच निकालाची दुसरी बाजू होती. राज्य विधिमंडळाच्या मतदारसंघांबाबत हा प्रश्न न्यायालयात गेला. डेट्रॉइट परिसरातील १३ मतदारसंघांच्या सीमा आखताना वंशाला अवाजवी महत्त्व दिले गेले, असा निर्णय संघीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला आणि त्या सीमा पुन्हा आखाव्या लागल्या.

पक्षीय लाभासाठी केलेली सीमाआखणी संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे राज्याराज्यांत मोकळे रान मिळाले. २०२५ मध्ये टेक्सासने पुढील जनगणनेची वाट न पाहता रिपब्लिकन पक्षाला पाच जागांचा लाभ मिळावा या हेतूने नवा नकाशा आणला. कॅलिफोर्नियाने जनमताचा कौल घेऊन त्याला तसेच उत्तर दिले. कॅलिफोर्नियातही नागरिकांचा आयोग होता. तो मतदारांच्याच संमतीने तात्पुरता बाजूला सारण्यात आला. मिशिगन या चढाओढीपासून दूर राहिले. मात्र इतर राज्ये जागा आधीच निश्चित करून घेत असताना संयम पाळणारे राज्य तोट्यात जाते का, हा प्रश्न तेथेही अटळ आहे.

भारतात लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेची चर्चा सुरू असताना हा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. लोकसंख्येची वाढ मंदावलेल्या मिशिगनने एक जागा गमावली. दक्षिणेकडील राज्यांची चिंताही याच स्वरूपाची आहे. भारतात सीमा आखण्याचे काम राज्य विधिमंडळांकडे नसून सीमांकन आयोगाकडे असते, ही जमेची बाजू आहे. परंतु आयोग निःपक्ष असला, तरी कोणत्या समाजाचा आवाज सभागृहात पोहोचेल, हे अखेर त्याने आखलेल्या रेषांवरच अवलंबून राहते. मिशिगनच्या नकाशाने मतदाराला सत्ता पालटण्याची संधी परत दिली. प्रत्येकाला प्रतिनिधित्व देण्याचा प्रश्न मात्र त्याने पूर्णपणे सोडवलेला नाही.