भूक मेली, तरी ताट मांडा



या आठवड्यात वाघोलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव देत नाही, पण तिचं दुखणं पुष्कळजणींच्या ओळखीचं असेल. वजन उतरावं म्हणून डॉक्टरांनी तिला आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलं आहे. भूक अगदी मेली, ब्लाऊज सैल झाले. पण रात्री दोन-अडीचला पोटरीत असा गोळा येतो की जीव नकोसा होतो. ओरडायचीही चोरी, कारण इंजेक्शनचं सासूबाईंना ठाऊक नाही! ‘औषध बंद करू का?’ असं ती विचारते.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही आपल्याकडे आलं, तेव्हापासून अशी इंजेक्शनं घेणाऱ्या बऱ्याचजणी आहेत. या औषधांनी पोट सावकाश रिकामं होतं आणि ‘पोट भरलं’ असा निरोप मेंदूला लवकर पोचतो. पण भूक गेली की तहानेचीही आठवण राहत नाही. त्यातून मळमळ, उलटी, जुलाब झाले तर पाण्याबरोबर मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षारही जातात. मग स्नायू तक्रार करू लागतात.

आता या बाईंचा दिवस पाहा. सकाळी नुसता चहा. नगर रस्त्याच्या कोंडीत बस अडकते आणि वाटेत सोय नाही, म्हणून पाणी प्यायचंच नाही. डबा अर्धा परत येतो. गुरुवारी उपास. शिवाय रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी. मग गोळे येतील नाही तर काय!

तेव्हा भुकेची वाट पाहू नका, घड्याळाकडे पाहून जेवा.

सकाळी घराबाहेर पडण्याआधी एक अंडं किंवा वाटीभर मुगाचं धिरडं खा. दुपारी घट्ट वरण आणि दही, संध्याकाळी पनीर किंवा उसळ. घास थोडे असले तरी चालतील, पण आधी प्रथिनं, मग पोळी-भात. वजनाबरोबर थोडे स्नायूही झिजतात, म्हणून ही काळजी. केळं, शहाळं, पालक, मूठभर शेंगदाणे यांतून क्षार मिळतात. पाणी एकदम ढोसलं तर मळमळेल. दर तासाला चार घोट घ्या, कामावर पोचताच पेलाभर प्या. जुलाब-उलट्या झाल्या तर जलसंजीवनी घ्या: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मीठ, शहाळं आणि पाणी किती, हे डॉक्टरांनाच विचारा.

गोळा आला की पाय सरळ करा, पावलाची बोटं हाताने गुडघ्याकडे ओढा आणि अर्धा मिनिट धरा. मग पोटरी चोळा, गरम पाण्याची पिशवी ठेवा. झोपण्यापूर्वी भिंतीसमोर हातभर अंतरावर उभ्या राहून, टाचा न उचलता पुढे झुका. अर्धा मिनिट, तीन वेळा.

शेजारणीने सांगितलं म्हणून पोटॅशियमच्या गोळ्या मात्र घेऊ नका. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर त्या हृदयाला धोक्याच्या ठरतात. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनीही गोळे थांबतातच असं नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगून सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची, मधुमेहाची, घेत असाल ती प्रत्येक गोळी त्यांना दाखवा. वजन उतरलं की रक्तदाबाची मात्राही कधीकधी कमी करावी लागते. इंजेक्शन आपल्या मनाने सोडू नका, वाढवूही नका. पुढचा डोस लांबवायचा की कमी करायचा, ते डॉक्टर ठरवतील.

उलट्या थांबत नाहीत, लघवी फार कमी किंवा चहासारखी गडद होते, चक्कर येते, छातीत धडधडतं, पोटात असह्य दुखतं, किंवा एकच पोटरी सुजून लाल आणि गरम झाली आहे, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरात सांगा, बाई. लपवलेल्या औषधाबरोबर उपास पाळावा लागतो, उलटी दडवावी लागते, आणि उद्या चक्कर येऊन पडलात तर डॉक्टरांना काय सांगायचं हेही कुणाला कळायचं नाही. सासूबाई दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी वरणाची वाटी त्याच पुढे करतील. नाही केली, तर आपली आपण वाढून घ्या. घरातल्या सगळ्यांच्या जेवणाच्या वेळा तुम्ही सांभाळता, त्यात आता तुमचीही एक धरा.