दुकानाचा प्रोग्राम कोणत्या औजाराने बांधावा?

22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. पूर्वी हजार रुपयांपर्यंतच्या नगावर 5 टक्के आणि त्यापुढे 12 टक्के होता; आता अडीच हजारांपर्यंत 5 आणि त्यावर 18 टक्के आहे. तयार सॉफ्टवेअर घेणाऱ्याला कंपनीकडून सुधारित आवृत्ती मिळते. ज्यांनी गावातल्या एखाद्या हुशार मुलाकडून बिलाचा प्रोग्राम करून घेतला, त्यांची मात्र पंचाईत होते. कडाव-कर्जतच्या बाजारात आम्ही पाहतो, मुलगा नोकरीसाठी पुण्याला नाहीतर दुबईला जातो. मूळ लिखाण दुकानाच्या कॉम्प्युटरवर असते, पण त्यापासून चालता प्रोग्राम तयार करणे दुसऱ्याला जमत नाही. (खरे तर कराचा दर प्रोग्रामात लिहायचाच नसतो, तो बाहेरून बदलता आला पाहिजे. पण असो.)

मूळ लिखाण म्हणजे बेतलेले तुकडे. ते जोडून अंगात घालण्याजोगा सदरा करणे याला 'बिल्ड' म्हणतात. कोणता तुकडा आधी, कोणता नंतर, हे मास्टरच्या डोक्यात राहिले तर मास्टरबरोबर तेही जाते. बिल्डचे औजार हा क्रम फाईलमध्ये लिहून ठेवते.

यातले जुने औजार 'मेक', स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये केलेले. फाईलची वेळ पाहून बदललेला भागच ते पुन्हा करते. बाही बदलली तर पूर्ण सदरा उसवत नाही. मात्र हुकुमाच्या ओळीआधी टॅबऐवजी साधी मोकळी जागा पडली की काम अडते! जावा भाषेसाठी 2000 साली 'अँट' आले. त्यात प्रत्येक पायरी आपणच लिहायची, म्हणून प्रत्येकाची तऱ्हा निराळी. 'मेव्हन'ने जागा ठरवून दिल्या, जणू प्रत्येक गोदामात त्याच क्रमाने मांडण्या. नवखा माणूसही एका हुकुमात प्रोग्राम बांधतो. 'ग्रेडल' बहुधा याहून वेगवान आहे आणि अँड्रॉइड मोबाइलच्या ॲपसाठी तेच रूढ आहे. पण त्याची फाईल हाच एक प्रोग्राम असल्याने हुशार मुलाला त्यात कसरती सुचतात.

जावात केलेल्या बिलाच्या प्रोग्रामसाठी आमचे मत मेव्हनला. दुकानाचा प्रोग्राम लहान असतो, तिथे चार सेकंद वाचवून काय करायचे? उद्या येणाऱ्या अनोळखी कारागिराला तो समजला पाहिजे. मेव्हन आणि ग्रेडल लागणारे तयार भाग पहिल्या वेळी इंटरनेटवरून आणतात, तेव्हा तेही उतरवून जपून ठेवायला सांगावे.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी मूळ लिखाण दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन, दुसऱ्या मुलाकडून, आपल्यासमोर बांधून घ्यावे आणि एक बिल छापून पाहावे. त्यासाठी पहिल्या मुलाला फोन करावा लागला तर हप्ता थांबवावा. व्यवहार सुरुवातीलाच लेखी असावा, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या कारागिराने लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क केवळ पैसे दिल्याने आपल्याकडे येत नाही. तो लिहून घ्यावा लागतो.