नुसतं ‘आशिया’ लिहून भागत नाही



इस्राएलच्या सरकारी आकडेवारीत माणसाचं मूळ वर्षानुवर्षं खंडावरून मोजलं गेलं: आशिया, आफ्रिका, युरोप-अमेरिका. इराकी, येमेनी, इराणी आणि आपण, सगळे आशियाच्या एका रकान्यात. वडीलही इथेच जन्मलेले असले की मूळ ‘इस्राएल’. म्हणजे आपली बरीच नातवंडं त्या रकान्यातूनही बाहेर पडली. आकडे मोजणाऱ्यांची सोय मी समजू शकते. पण आपल्याच घरात ‘आपण होदूचे’ एवढं सांगून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही.

होदू काय एवढासा आहे? कोचीनचे यहुदी मलबारचे, मल्याळम बोलणारे. त्यांचं मट्टनचेरीचं परदेशी सिनेगॉग 1568 सालचं. बगदादी आले अरबी बोलत, मुंबई आणि कलकत्त्याला, व्यापारासाठी. डेव्हिड ससून 1832 च्या सुमारास मुंबईत उतरले, तेव्हा आपल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली उभारलेल्या मशिदीला पस्तीसएक वर्षं झाली होती. (हो, आपली जुनी माणसं मशीदच म्हणत. नातवंडं दचकतात.) मणिपूर-मिझोरामचे बेने मनाशे तर पार वेगळ्या डोंगरांतले. या सगळ्यांना एका खोलीत बसवलं असतं, तर एकमेकांचं बोलणं कळलं नसतं.

आपण कोकणातले. एका बाजूला सह्याद्री, एका बाजूला समुद्र, मधली चिंचोळी पट्टी आणि तिला कापणाऱ्या खाड्या. गलबत नवगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ते कोणत्या शतकात, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. गावं मात्र नकाशावर आहेत, आणि ती आपल्या आडनावांत आहेत: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नागावकर, झिराडकर. अशी शंभरावर. घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली.

स्वयंपाकसुद्धा त्याच पट्टीतला. मांसाबरोबर दूध नको, हा नियम तोराचा. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, ही सोय कोकणाची. मलिद्याला पोहे का, तर शेती भाताची. दिमोनाच्या वाळवंटात वाढलेल्या मुलाला हे तोंडी सांगून कळत नाही, नकाशा पुढ्यात ठेवावा लागतो.

मी नर्स होते. आपली म्हातारी माणसं वॉर्डात शेवटी शेवटी हिब्रू विसरायची, ते मी खूपदा पाहिलं. मुलं म्हणायची, बाबा बडबडतायत. बाबा बडबडत नसायचे; अष्टमीहून नदी ओलांडून रोह्याला कसं जायचं ते सांगत असायचे. ऐकणाऱ्याला गाव माहीत नव्हतं, एवढंच.

आणि आता ती आडनावंही चालली. नोकरीसाठी, लग्नात, सोपं पडावं म्हणून कित्येकांनी हिब्रू नावं घेतली. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण ‘कर’ गेलं की गावाचा पत्ता गेला, मग तो दुसरीकडे कुठेतरी लिहिलेला हवा. शाळेतल्या ‘शोराशिम’च्या वहीत आपल्या मुलांनी ताजमहाल चिकटवलेला मी दोनदा पाहिला. आग्र्याशी आपला काय संबंध?

तेव्हा या शब्बाथनंतर घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा आणि लिहून ठेवा: गाव, तालुका, जवळची खाडी किंवा नदी, आळीचं नाव. जुन्या कागदांवर ‘कुलाबा जिल्हा’ असेल, तर पुढे ‘आताचा रायगड’ असं जरूर लिहा. 1981 साली नाव बदललंय, आणि मुलं इंटरनेटवर शोधायला गेली की मुंबईच्या कुलाब्याला पोचतात. गावाचं नाव मराठीतही लिहा. हिब्रूत स्वर गळतात, ‘ण’ तर नाहीच, आणि पेणचं पान व्हायला वेळ लागत नाही.